जुन्या घराचं काम काढलंय, भिंती उघड्या आहेत तोवर लॅनचं (घरातल्या नेटचं) वायरिंग कसं करून घेऊ?

शुक्रवारपेठकर

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहितोय कारण वेळ कमी आहे आणि एकदा गिलावा झाला की परत घरात कोण भिंत फोडू देणार नाही, आई तर अजिबातच नाही.

घर कोल्हापुरात शुक्रवार पेठेत, आजोबांच्या वेळचं. खाली सोपा, माजघर, स्वयंपाकघर, मागं परडं आणि परड्याच्या टोकाला जुना गोठा, तिथं आता गाडी आणि अडगळ असते. वर माडीवर दोन खोल्या आणि त्याच्या पुढं नंतर बांधलेली विटांची एक खोली, मग गच्ची. खालच्या भिंती दगड-मातीच्या, काही ठिकाणी दोन फूट जाड. लाईटचं वायरिंग सगळं नवीन होणार आहे, गिलावा खरवडून झालाय, गवंडी म्हणतोय पंधरवड्यात नवीन गिलावा धरतो.

अडचण अशी की राऊटर सोप्यात आहे आणि माजघरात गेलं की रेंज निम्मी, स्वयंपाकघरात नाहीच. धाकटा भाऊ पुण्याच्या कंपनीचं काम वरच्या विटांच्या खोलीत बसून करतो, त्याचा कॉल दिवसातनं चार वेळा अडकतो. रिपीटर लावून बघितला, रेंजच्या कांड्या फुल्ल दिसतात पण स्पीड कुठं आहे? म्हणून या वेळेला भिंतीतनं केबल टाकूनच घ्यायची असं ठरवलंय.

विचारायचं असं की किती पॉइंट काढू आणि कुठं कुठं, नेटची केबल कॅट ६ घेऊ की तिच्या वरची ६ए, आणि राऊटर आणि स्विचचा (जिथनं सगळ्या खोल्यांच्या केबल फुटतात तो) डबा जिन्याखाली ठेवला तर चालेल का, तिथं जागा आहे. वायरमन म्हणतोय लाईटच्याच पायपात ही पण वायर ओढून देतो, वेगळा खर्च कशाला. मला ते काय पटंना पण का नको ते त्याला सांगता येईना. बजेट मध्यम आहे, पण जे भिंतीत जाणार ते चांगलंच टाकायचं असं घरात ठरलंय.


नेटवर्कवाला_राजारामपुरी

दादा, पहिलं ते पायपाचं. २३० व्होल्टची वायर आणि डेटा केबल एका पायपात कधीच नाही, वायरमनला स्पष्ट सांगा. नेट स्लो होतं हे दुय्यम कारण आहे. खरं कारण असं की ओढताना किंवा पुढं कधीतरी गरम होऊन लाईटच्या वायरचं इन्सुलेशन सोललं, तर तो करंट डेटा केबलमधनं सरळ स्विचमध्ये आणि तिथनं तुमच्या भावाच्या लॅपटॉपपर्यंत जाऊ शकतो. पाईप वेगळा, बोर्डाचा बॉक्स पण वेगळा. दोन पाईप समांतर जात असतील तर मध्ये फूटभर अंतर ठेवा, जाड भिंतीत तेवढं जमत नसेल तर आठ इंच तरी. एकमेकांना ओलांडायची वेळ आली तर काटकोनात ओलांडायचं, तिरकं घासत न्यायचं नाही.

केबल कॅट ६ बास. १ जीबीपीएसचा स्पीड, म्हणजे १००० एमबीपीएस, तर १०० मीटरपर्यंत निवांत जातो, आणि १० जीबीपीएससुद्धा चांगल्या परिस्थितीत ५५ मीटरपर्यंत जातो. पेठेतल्या घरात सगळ्यात लांबची ओढ पंचवीस-तीस मीटरच्या पुढं जाणार नाही. ६ए जाड असते, वळत नाही, पाईप मोठा लागतो, जॅक महाग. ते पैसे पायपात घाला. २५ एमएमचा पाईप टाका, त्यात तीन-चार कॅट ६ आरामात बसतात आणि पुढं कधी काढून नवीन ओढायची म्हटलं तरी जागा राहते. २० एमएममध्ये दोन केबल घातल्या की पुढं वळणावर तिसरी ओढताना जीव जातो.

पॉइंटचं म्हणाल तर जी वस्तू जागेवरनं हलत नाही तिला वायर, जी हातात फिरते तिला वायफाय, एवढं धरून चाला. म्हणजे टीव्ही, भावाचं टेबल, मुलांच्या अभ्यासाची जागा, कॅमेऱ्याचा रेकॉर्डर. या प्रत्येक ठिकाणी एक नाही, दोन केबल, कारण पाईप तोच, भिंतीत कापायची झिरी तीच, मजुरी जवळपास तीच. आणि सगळ्यात महत्त्वाचं जे लोक विसरतात ते म्हणजे वायफायच्या ॲक्सेस पॉइंटसाठी, म्हणजे केबलला जोडून वायफाय सोडणाऱ्या डब्यासाठी, छताला केबल. तुमच्या त्या दोन फुटी भिंतीतनं ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल जातच नाही असं धरा, २.४ वाला थोडा जातो पण त्यावर स्पीड नसतो आणि पेठेत शेजारच्या दहा घरांचे राऊटर त्याच चॅनेलवर असतात. सोप्याला एक, माजघर आणि स्वयंपाकघराच्या मध्ये एक, माडीवर एक, असे तीन ॲक्सेस पॉइंट वायरीवर लावले की घरभर एकच वायफाय, एकच पासवर्ड, फोन चालता चालता आपोआप जवळचा पकडतो.

हे ॲक्सेस पॉइंट पीओई घ्या, म्हणजे नेटच्याच वायरीतनं त्याला वीज मिळते, छतापाशी वेगळा प्लग लागत नाही. साध्या पीओई स्विचचा एक पोर्ट १५.४ वॅट देतो, पीओई प्लसचा ३० वॅट. घरगुती ॲक्सेस पॉइंट आणि कॅमेऱ्याला पहिला बहुतेक वेळा पुरतो, पण घ्यायच्या आधी ॲक्सेस पॉइंटच्या खोक्यावर बघा. आणि स्विच इन्व्हर्टरच्या लाईनवर टाकला की लाईट गेली तरी वायफाय आणि कॅमेरे दोन्ही चालू राहतात, हा फायदा घरात सगळ्यांना लगेच जाणवतो.


रंकाळा_संध्याकाळ

मी म्हणते एवढं कशाला? आमच्या फ्लॅटमध्ये मेशचे तीन डबे लावलेत, एक वायर टाकली नाही, सगळं मस्त चालतंय. भिंती खरवडल्यात म्हणून उगाच खर्च वाढवू नका. पुढं दहा वर्षांत वायफायच एवढं सुधारेल की वायरीची गरजच पडणार नाही.


नेटवर्कवाला_राजारामपुरी

ताई, फ्लॅटमध्ये चार-सहा इंचाची विटांची भिंत असते, तिथं मेश खरंच चांगलं चालतं, तुमचं बरोबर आहे. पण मेशचा दुसरा डबा पहिल्याशी हवेतनंच बोलतो ना, आणि मधी दोन फूट दगड-माती असेल तर त्या दोघांचंच बोलणं तुटतं. दादांनी रिपीटर लावून जे बघितलं ते हेच. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढं पाठवतो, त्यामुळं स्पीड तिथंच अर्ध्यावर येतो. तेच मेशचे डबे मागनं वायरीनं जोडले की एकदम वेगळे वागतात. आणि वायफाय जितकं नवीन तितकं ते वरच्या फ्रिक्वेन्सीवर जातंय, म्हणजे भिंतीपुढं अजूनच अडतं, त्यामुळं नवीन वायफायला प्रत्येक खोलीत वायर जास्तच लागणार आहे, कमी नाही.


वायरमन_कळंबा

दादा राम राम. मी ह्याच लाईनीत हाय, जुन्या घरांची कामं लई केल्यात म्हणून सांगतो. तुमच्या खालच्या दगड-मातीच्या भितीला झिरी मारू नगा. कटर लावला की दगड हलतोय आणि आतली माती भसाभसा खाली येत्या, मग सिमेंटनं भरलं तरी ती भित पहिल्यासारखी ऱ्हात न्हाई. इटांच्या खोलीत झिरी मारा, तिथं काय अडचण न्हाई, फक्त आडवी लांब झिरी नगो, उभी मारा.

खाली काय करायचं म्हंजे, माडीच्या तुळयांचा उपयोग करा. माडीची फळी-पाटण काढलीया का? काढली असंल तर सोन्याहून पिवळं, तुळईच्या कडंनं पायप फिरवायचा आणि जिथं पॉइंट पायजे तिथं वरनं खाली सोडायचा. तुळईला भोक पाडायचं न्हाई, क्लिप मारून कडंनं न्यायचा. खाली सोडताना भितीच्या कोपऱ्यात न्या, कोपऱ्यात गिलाव्याचा थर तसाबी जाड बसतोय, त्यात २५ चा पायप निम्म्याच्या वर दबतोय, उरल्याला केसिंग पट्टी मारा. दिसायला वाईट दिसत न्हाई आणि भित शाबूत ऱ्हात्या.

आन वळणाला एल्बो वापरू नगा, लांब बेंड वापरा. एल्बोत केबल अडकती आणि जोर लावून वडली की आतल्या तारंचा पीळ बिघडतोय. दोन वळणं झाली की मधी एक जंक्शन बॉक्स द्या. आन सगळ्या पायपात नायलॉनची दोरी सोडून ठेवा, केबल वडली तरी दोरी परत आतच ऱ्हाऊ दे. दोन वर्सानं कुणी आलं तर ती दोरीच कामाला येत्या.

तुमच्या वायरमनवर रागवू नगा. त्याला कुणी सांगिटल्यालं नसतंय, टेलिफोनची वायर असल्यासारखं वाटतंय त्याला. शेजारी बसवून एकदा कारण सांगा, करतोय तो.


दुधाळीकर

बाकी सगळं नंतर. शुक्रवार पेठ म्हणालात म्हणून विचारतो, तुमच्यात २०१९ ला पाणी आलं होतं का? आलं असेल तर जिन्याखालचा डबा विसरा.


शुक्रवारपेठकर

आलं होतं. सोप्यात कमरेएवढं, माजघर दोन पायऱ्या वर आहे तरी तिथं पण गुडघ्याला लागलं. २०२१ ला पण आलं. हे माझ्या डोक्यातच आलं नाही खरं सांगू का, मी फक्त रेंजचा विचार करत बसलो होतो.

वायरमनदादा, माडीची फळी काढलीये, अर्धी बदलायचीच आहे, त्यामुळं तुम्ही म्हणता तसं तुळईच्या कडंनं नेता येईल. हे लई चांगलं सांगितलंत.


दुधाळीकर

मग ऐका. धोका पातळी ४३ फूट, आणि त्या दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. आमच्याकडं तेव्हा सगळ्यात आधी बंद पडलं ते खालचं बोर्ड आणि त्याबरोबर नेट. पाणी चढत असताना घरातली माणसं माडीवर असतात आणि तेव्हाच नेट सगळ्यात जास्त लागतं, बंधाऱ्याची पातळी बघायला, पाहुण्यांना कळवायला, बोटीची व्यवस्था बघायला. त्यामुळं नेट कंपनीची फायबर वरच्या खिडकीजवळनं किंवा गच्चीवरनं आत घ्या, राऊटर, स्विच, रेकॉर्डर सगळं माडीवर, आणि इन्व्हर्टर पण वरच. म्हणजे खालचा मेन बंद केला तरी वरचं चालू राहील असं वायरमनकडनं वेगळं सर्किट काढून घ्या. हे माझ्या दृष्टीनं केबल कुठली यापेक्षा महत्त्वाचं आहे.

खालचे नेटचे सॉकेट पाच फुटांवर घ्या. टीव्ही तसाही भिंतीवरच असतो, त्याच्या मागं लपतात. जमिनीखालनं, नव्या फरशीच्या खालनं पाईप न्यायचा कोणी सल्ला दिला तर मुळीच ऐकू नका, पाणी ओसरलं तरी त्या पायपात महिनाभर साठून राहतं.


नेटवर्कवाला_राजारामपुरी

दुधाळीकर काकांचं शंभर टक्के मान्य, मी पुराचं विचारायला पाहिजे होतं. तर आता असं करा की माडीवर मधल्या भिंतीला एक सहा यूचा (यू म्हणजे रॅकच्या उंचीचं माप) भिंतीवरचा रॅक, तिथनं प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र केबल, वरनं खाली. खाली कुठंही छोटा स्विच ठेवायचा नाही. पुराचं पाणी कधी सॉकेटपर्यंत आलंच तर केबलच्या उघड्या टोकातनं पाणी आत ओढलं जातं आणि ती केबल मग भरवशाची राहत नाही, पण पाईप आणि दोरी असली की तेवढी एक केबल काढून दुसरी ओढता येते, बाकी घराला हात लागत नाही.

एक लक्षात ठेवा, कंपनीचा फायबरचा डबा पत्र्याच्या रॅकमध्ये गेला की त्याचं स्वतःचं वायफाय बाहेर नीट येणार नाही. त्याचं वायफाय बंदच करून टाका आणि छतावरच्या ॲक्सेस पॉइंटवर चालवा. रॅकला जाळीचं दार किंवा बाजूला भोकं असलेला घ्या, एप्रिल-मे मध्ये पत्र्याखाली माडी तापते.

फायबर आत यायला पण एक रिकामा २५ चा पाईप बाहेरच्या भिंतीपासून रॅकपर्यंत टाका. बाहेरचं तोंड खाली झुकलेलं ठेवा आणि वायर आत जायच्या आधी खाली एक झोळ सोडा, म्हणजे पावसाचं पाणी वायरीवरनं ओघळून त्या झोळावरनं खाली पडतं, घरात येत नाही. आपल्याकडच्या पावसात हे केलं नाही तर रॅकच्या मागची भिंत चार महिने ओली राहते.


शुक्रवारपेठकर

भावाबरोबर बसून नकाशा काढला. सोपा टीव्ही २, माजघर अभ्यास २, भावाची खोली २, माडीवरची दुसरी खोली २, छताला ॲक्सेस पॉइंट ३, दारात कॅमेरा १, गच्चीच्या जिन्यात कॅमेरा १. तेरा झाल्या, म्हणजे स्विच १६ पोर्टचा.

दोन शंका. एक, दुकानात ३०५ मीटरचा बॉक्स विचारला तर एक निम्म्या किमतीत मिळतोय, दुकानदार म्हणतो कॅट ६ च आहे, तीच चालते सगळीकडं. घ्यावा का? दोन, गोठ्यात पण एक कॅमेरा पाहिजे, परड्यातनं साधारण वीस मीटर. तीच केबल झाडावरनं नेली तर?


नेटवर्कवाला_राजारामपुरी

निम्म्या किमतीचा घेऊ नका. तो जवळपास नक्की सीसीए असणार, म्हणजे आत ॲल्युमिनियमची तार आणि वरनं तांब्याचा मुलामा. ओळखायचं कसं तर दुकानातच ब्लेडनं एका तारेचं टोक खरवडा, आतपर्यंत तांबूस राहिलं तर तांबं, पांढरट चकाकलं तर ॲल्युमिनियम. दोन्ही बॉक्स हातात घेऊन बघितले तर वजनातच फरक कळतो. ॲल्युमिनियमचा रेझिस्टन्स जास्त, त्यामुळं पीओईवर लांबचा ॲक्सेस पॉइंट मधीच रिस्टार्ट होत राहतो, केबल गरम होते, आणि जॅकमध्ये दाबताना तार तुटते. मग तुम्ही राऊटर बदलत बसता, कंपनीशी भांडत बसता आणि दोष असतो भिंतीत. बिलावर आणि केबलवर शुद्ध तांबं, २३ गेज असं लिहिलेलं बघूनच घ्या. तेरा केबल धरल्या तरी तुमच्या घराला एक बॉक्स पुरून उरेल.

भिंतीतल्या केबलच्या टोकाला थेट प्लग मारू देऊ नका, दोन्हीकडं जॅकवर पंच करून (तारा खाचांत दाबून बसवून) घ्या, खाली प्लेटवर आणि वर रॅकमधल्या पॅच पॅनेलवर, म्हणजे ओळीनं जॅक असलेल्या पट्टीवर, तिथनं पुढं तयार पॅच कॉर्ड, म्हणजे प्लग लावलेली छोटी केबल. दोन्ही टोकांना तारांच्या रंगांचा टी ५६८ बी क्रम: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. एकीकडं ए क्रम आणि दुसरीकडं बी असं होऊ देऊ नका. दोन्ही टोकांना नंबर लिहा, मार्करनं नुसतं लिहिलं तर चुन्यानं पुसतं, वर पारदर्शक टेप मारा. बॉक्सच्या मागं फूटभर आणि रॅकपाशी दीड-दोन मीटर केबल जास्तीची गुंडाळून ठेवा.

तपासणी गिलाव्याच्या आधी. लाल-हिरवे दिवे लागणारा स्वस्त टेस्टर फक्त तार जोडलीये का ते सांगतो. त्यानंतर लॅपटॉप लावून लिंक १ जीबीपीएस दाखवतो का ते प्रत्येक पॉइंटवर बघा. १०० एमबीपीएस दाखवला तर समजा चारातली एखादी जोडी नीट बसली नाही, कारण १०० ला दोनच जोड्या लागतात आणि १ जीबीपीएसला चारही. तो जॅक परत पंच करायचा.

गोठ्याचं मात्र वेगळं. तांब्याची केबल उघड्यावरनं दुसऱ्या इमारतीत नेऊ नका. वळवाच्या पावसात वीज जवळपास जरी पडली तरी त्या लांब तारेत व्होल्टेज उसळतं आणि कॅमेऱ्यासकट स्विच जातो, कधी कधी स्विचला लावलेलं सगळंच. तिथं फायबरचा छोटा तुकडा न्या, दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारा छोटा डबा), गोठ्यात लाईट आहेच. फायबर काचेची, तिच्यातनं करंट येत नाही. तेवढं करायचं नसेल तर गोठ्यासाठी वायफायचा कॅमेरा घ्या आणि परड्याच्या बाजूच्या भिंतीला बाहेर चालणारा ॲक्सेस पॉइंट लावा, पण तो घराच्याच भिंतीला, वळचणीखाली. त्याची एक केबल वाढवा, चौदा होतील, १६ मध्ये बसतात.


वायरमन_कळंबा

फायबर न्यायची तर झाडावरनं नगा नेऊ दादा, वाऱ्यानं फांदी घासती आणि खारी कुरतडत्यात. जीआयची तार ताणून तिला बांधा, न्हाईतर परड्याच्या गडग्याच्या कडंनं पायपातनं न्या. पायप जमिनीवर दोन फूट तरी वर ठेवा, पाणी येतंय म्हणालासा म्हणून.

अजून एक, रॅकपाशी अर्थिंग पक्कं घ्या. जुन्या घरात अर्थिंगची वायर असती पण खाली खड्ड्यात काय ऱ्हायल्यालं नसतंय. नवीन अर्थिंग करूनच घ्या ह्या कामात, नेटसाठी न्हवं, घरासाठीच.


रंकाळा_संध्याकाळ

वाचून माझं मत बदललं, दोन फुटी भिंतीचा मी विचार केला नव्हता. एक बाईमाणूस म्हणून सुचवते, स्वयंपाकघरात पण एक पॉइंट काढा की. सगळ्यांच्या खोल्यांत दोन-दोन आणि वहिनींच्या वाट्याला एकही नाही. ओट्यापासून लांब, फ्रीजच्या वरच्या बाजूला.


शुक्रवारपेठकर

ताई, हे घरात वाचून दाखवलं तर आईपासून सगळ्यांनी तुमचीच बाजू घेतली. स्वयंपाकघर १ धरला, पंधरा झाल्या.

आज वायरमनला बोलावून सगळं समजावलं, वेगळ्या पायपाला तयार झाला, फक्त म्हणाला लांब बेंड मला आणून द्या. उद्या पाईप आणि बेंड आणतोय, शनिवारी तुळईच्या कडंनं टाकायला सुरुवात. गिलाव्याच्या आधी प्रत्येक भिंतीला टेप लावून फोटो काढून ठेवणार आहे, म्हणजे पुढं खिळा मारताना पाईप कुठं आहे ते कळेल. गोठ्याचं वायफाय कॅमेऱ्यावरच भागवतो, फायबर नको.

रॅकच्या जागेचा फोटो उद्या टाकतो, बाजूलाच पाण्याच्या टाकीचा पाईप उतरतोय, तो चालेल का तेवढं बघून सांगा.


नेटवर्कवाला_राजारामपुरी

पाण्याचा पाईप रॅकच्या वरनं जात नसेल आणि दोन फूट बाजूला असेल तर चालेल. वरनं जात असेल तर रॅक समोरच्या भिंतीला घ्या, आत्ता फक्त पायपाची दिशा बदलायची आहे. फोटो टाका, बघतो.